राणीछाप रुपयाचा भाव

जुन्या नाण्यांचा विषय चार माणसांत निघाला की हल्ली कोणीतरी मोबाइल बाहेर काढतोच. "थांब, ॲप आहे माझ्याकडे." मग टेबलावरच्या ताटल्या बाजूला होतात, फोनची सावली पडणार नाही असा कोन शोधला जातो, एक फोटो छाप्याचा, एक काट्याचा. पडद्यावर चक्र फिरतं. देश येतो, साल येतं, धातू येतो, राजाचं नाव येतं आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत डॉलरमधला आकडा. प्रत्येक जण मनातल्या मनात त्याचे रुपये करतो. त्यानंतर राजाबद्दल कोणी काही बोलत नाही.

माझ्या फोनवर हे ॲप पुतण्याने टाकून दिलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण अशी पुष्कळ आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळी सारखीच चालतात. आपल्या फोटोसारखे दिसणारे फोटो साठ्यातून शोधायचे, त्यातलं सर्वांत जवळचं नाणं पुढे करायचं आणि त्या नाण्याच्या भावाचा एक पट्टा दाखवायचा, इतक्यापासून इतक्यापर्यंत. पहिले काही दिवस फुकट, मग वर्गणी. वर्गणी सुरू होण्याच्या आत घरातली सगळी नाणी दाखवून घ्यायची, असं ठरवून मी आणि पुतण्या सासूबाईंचा पितळी डबा घेऊन बसलो.

हा डबा वर्षातून एकदाच बाहेर येतो, लक्ष्मीपूजनाला. त्यात राणीछाप रुपये आहेत, राजाछाप आहेत, भोकाचे पैसे आहेत. आजेसासूबाईंच्या गळ्यातल्या माळेतून सुटलेले कडीचे दोन रुपये आहेत. सासूबाईंचं माहेर मराठवाड्यातलं, त्यामुळे चारमिनारवालं निजामाचं नाणंही आहे. शिवाय तांब्याची एक जाडजूड, वेडीवाकडी ढेप, जिच्याबद्दल घरात कोणालाच काही सांगता येत नव्हतं.

भोकाचा पैसा ॲपने चुटकीसरशी ओळखला. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, म्हणून १९४३पासून मधे भोक पाडून धातू वाचवला गेला. अशी नाणी ढिगाने निघाली, ढिगाने उरली, त्यामुळे किंमत किरकोळ. पुतण्या हिरमुसला. पण इथे ॲपचं काहीच चुकलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. यंत्रावर छापलेलं, एकसारखं, लाखोंनी निघालेलं नाणं ही त्याची हक्काची जागा.

चारमिनारचं नाणंही त्याने बरोबर सांगितलं. हैदराबाद संस्थान, हाळी रुपया, हिजरी साल. त्याने एक गोष्ट मात्र पाहिली नाही, ती भिंगातून पुतण्याने पाहिली. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक इवलंसं अक्षर असतं. सहाव्या निजामाच्या, म्हणजे महबूब अली खानांच्या नाण्यावर तिथे 'मीम' असतो आणि उस्मान अली खानांच्या नाण्यावर 'ऐन'. त्या ऐनाचेही प्रकार आहेत, काहींवर तो अपुरा तर काहींवर पुरा, आणि संग्राहक त्यावरून नाणी वेगवेगळी मोजतात. आमच्या नाण्यातला ऐन पुरा आहे की अपुरा, यावर आमचं बराच वेळ चाललं होतं. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या लहानपणी गावात निजामाचा हाळी रुपया आणि इंग्रज सरकारचा कलदार रुपया दोन्ही चालत. कलदाराचा मान मोठा, दोन्हींच्या भावात फरक, आणि तो फरक बाजारात कोण कसा खायचा हे त्यांच्या वडिलांना पक्कं ठाऊक होतं. यातलं काहीच ॲपमध्ये नव्हतं. असायची अपेक्षाही नाही म्हणा.

मग ती तांब्याची ढेप. ॲपने तीन वेळा तीन वेगळी उत्तरं दिली. एकदा कुठल्याशा संस्थानाचं नाणं, एकदा टोकन आणि तिसऱ्यांदा चक्क आशियाच्या पार दुसऱ्या टोकाचा कुठला तरी देश. मी ते खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं. एका बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा आणि आत 'श्री', खाली 'राजा' यातला 'रा'. दुसरीकडे 'छत्र' आणि त्याखाली 'पति'ची वेलांटी. शिवराई होती ती! मराठी शाळेत दुसरीपर्यंत शिकलेल्या पोरालाही वाचता येईल अशी अक्षरं, आणि यंत्राला पत्ता नाही.

याचं कारण साधं आहे. शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे मजकूर पूर्ण कधी उमटतच नाही. कुठे 'श्री' निसटते, कुठे 'शिव' अर्धा राहतो, कुठे ठसाच सरकलेला असतो. १६७४च्या राज्याभिषेकापासून ही नाणी पडू लागली आणि छत्रपतींच्या नावाची शिवराई पुढे पेशवाईतही पडत राहिली, इंग्रजी अमदानीतही बाजारात फिरत राहिली. एका शिवराईसारखी दुसरी नाही. 'सारखा दिसणारा फोटो शोधा' ही युक्ती इथे लंगडी पडते. आमची नक्की कुठल्या काळातली, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. अक्षरांची घडण आणि वजन पाहून जाणकार काळ ठरवतात, आणि तो सगळा वेगळा अभ्यास आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या संग्रहालयात अशी नाणी ओळीने मांडलेली पाहिली की आपल्या डब्यातल्या एका तुकड्यावरून तारे तोडायचा मोह आपोआप कमी होतो.

मराठ्यांच्या चांदीच्या रुपयांबाबत तर आणखी गंमत होते. पेशवाईतले रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. मजकूर फारसी, नाव शाह आलमचं. चांदवडच्या टांकसाळीतल्या रुपयावर गावाचं नावसुद्धा 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं आहे. मग हा मराठ्यांचा रुपया हे ओळखायचं कशावरून? खुणांवरून. अंकुशी रुपयावर कोपऱ्यात हत्तीचा अंकुश असतो. तो दिसला तर बहुधा पेशवाई. ओळखीच्या एका गृहस्थांकडच्या अंकुशीचा फोटो मी मुद्दाम ॲपला दाखवला. उत्तर आलं, 'मुघल साम्राज्य'. नाव वाचून दिलेलं उत्तर म्हणून ते चूक नाही, पण पुण्यात बसून हे ऐकायला जरा जड जातं.

आता राणीछाप.

व्हिक्टोरियाचा रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन, बारात अकरा भाग चांदी. एक तोळा म्हणतात तो हाच. आमच्याकडच्या एकावर साल होतं १८६२. ॲपने राणी ओळखली, साल ओळखलं, भावाचा पट्टा दिला, आणि तो पट्टा इतका लांब होता की त्याच्या एका टोकाला चहा-नाश्ता आणि दुसऱ्या टोकाला दुचाकी मावली असती. असं का, ते शोधायला गेले आणि तिथून पुढे मला नाण्यांची खरी गोडी लागली.

एक म्हणजे १८६२ हे साल दिसतं तितकं खरं नाही. त्या वर्षीचा ठसा पुढे बारा वर्षं तसाच चालू राहिला. रुपया १८६३मध्ये पाडला, १८७०मध्ये पाडला, तरी त्यावर १८६२च. नवं साल थेट १८७४ला आलं. मधल्या वर्षांची नाणी एकमेकांपासून वेगळी ओळखू यावीत म्हणून मुंबईच्या टांकसाळीने बारीक टिंबं घातली, काही सालाच्या खाली, काही वरच्या फुलाजवळ. टिंबांचा कुठला मेळ दुर्मीळ आणि कुठला सर्रास मिळणारा, याच्या याद्या संग्राहकांनी करून ठेवल्या आहेत. फोटोतून ॲपला त्या टिंबांचा आणि चिकटलेल्या मळाचा फरक कळत नाही. म्हणून ते बिचारं सगळ्या शक्यता एकाच पट्ट्यात घालतं.

दुसरं म्हणजे नाण्याची तब्येत. अमेरिकेत सत्तर गुणांची एक मोजपट्टी आहे. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी १९४९मध्ये ती तिथल्या जुन्या सेंट नाण्यांसाठी काढली, आणि आता जगभरचे लोक तिच्यावर नाणी तोलतात. हातोहात फिरून झिजलेलं नाणं पट्टीच्या खालच्या भागात, टांकसाळीतून निघून कुठल्या तरी पेटीत जसंच्या तसं राहिलेलं साठच्या वर. या दोहोंच्या भावात दुप्पट-तिप्पट नव्हे, कधी कधी शंभरपटीचं अंतर पडतं. ॲप जो वरचा आकडा दाखवतं तो त्या पेटीतल्या नाण्याचा. पाहणाऱ्याची नजर नेमकी त्याच आकड्यावर खिळते, हा काही ॲपचा दोष नाही.

तिसरी गोष्ट आमच्या घरातली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सासूबाई ही नाणी रिठ्याच्या पाण्यात घालतात आणि मग दंतमंजन लावून बोटाने खसाखसा घासतात. त्यांच्या सासूबाईही हेच करायच्या, तेव्हा रांगोळी असायची. तीन पिढ्यांच्या बोटांखाली राणीचं नाक सपाट झालंय, केसांच्या बटा गेल्यात, गाल मात्र आरशासारखा लखलखतो. संग्राहकाला यातलं काहीच नको असतं. त्याला हवा असतो चांदीवर काळाने चढवलेला करडा, निळसर, कधी तांबूस थर. तो एकदा घासला की परत येत नाही. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लक्ष्मीपुढे काळं ठेवायचं? विकणाऱ्याने ठेवावं काळं. आपल्याला कुठे विकायचंय?"

यावर काय बोलणार? त्यांच्या हिशेबात ते नाणं वर्षातल्या एका संध्याकाळी चमकण्यासाठी आहे, आणि ते चमकतं.

तरी एका रविवारी तीन-चार नाणी रुमालात गुंडाळून मी जुन्या बाजारात गेले. पुण्यात बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. कुलपं, कंदील, रेडिओचे सांगाडे, पितळी अडकित्ते, आणि मधेच एखादी सतरंजी नाण्यांची. त्यातल्या एका सतरंजीवरचे काका भिडेखातर कोणाला काही सांगत नाहीत अशी त्यांची ख्याती. मी फोन पुढे करून पट्टा दाखवला. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही, हात पुढे केला. "नाणं द्या."

पहिल्यांदा त्यांनी ते सराफी काट्यावर टाकलं. ११.४. "झिजलंय, पण खरं आहे." मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली आणि नाद ऐकला. मग जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. डोळे भलतीकडेच ठेवून त्यांनी अंगठ्याचं नख नाण्याच्या कडेवरून सावकाश गोल फिरवलं. कडेवरच्या बारीक रेघा नखाला लागत होत्या. एका जागी नख अडखळलं, घसरलं. "इथे कडी होती. डाग देऊन बसवली होती, नंतर कानसलीय." मी पाहिलं तर घड्याळात बारा वाजतात त्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा भाग गुळगुळीत होता. घरात आम्ही 'कडीचे दोन' म्हणत होतो. हा तिसरा निघाला, कधीतरी कडी काढून सुट्यांत टाकलेला. ॲपला दोन्ही बाजूंचे फोटो दिले होते, कडेचा फोटो त्याने मागितलाच नव्हता.

"आणि धुतलंय हे, ताई. वर्षानुवर्षं धुतलंय." नाणं परत देत ते म्हणाले, "याला चांदीचा भाव. वर थोडं काही, हौसेचं."

"मग ॲपमधला आकडा?"

त्यांनी स्वतःचा फोन काढून दाखवला. तेच ॲप. "मीपण वापरतो की. गिऱ्हाईक भलत्या देशाचं नाणं घेऊन येतं, ओळखायला बरं पडतं. भाव नाही बघत मी त्यात. तो भाव देणारा माणूस माझ्या सतरंजीवर येत नाही."

येणारही नाही, कारण मधे कायदा आहे. १९७२च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लिलावात व्हिक्टोरियाच्या रुपयाला जे डॉलर मिळतात, ते बहुधा पूर्वीच बाहेर गेलेल्या रुपयाला मिळतात. आपल्या डब्यातला रुपया त्या लिलावात बसूच शकत नाही. ॲप हे सांगत नाही. ते दोन्हीकडचे भाव एकाच ओळीत मांडतं. शेतात नांगरताना हंडा लागला तर तोही प्रकार निराळाच. त्यासाठी १८७८चा कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दहा रुपये! १८७८ साली ती रक्कम मोठी होती.

इतकं सगळं म्हटलं तरी एका बाबतीत मी ॲपची बाजू घेईन. आमच्या नात्यातल्या एका मामांकडे ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं तांब्याचं नाणं आहे. त्यावर राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती. मामा ते मखमलीत ठेवतात आणि त्याचे लाखो रुपये येतील असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. ॲपने फोटो पाहताच सांगितलं, 'देवस्थानी टोकन, चलनी नाणं नव्हे.' अगदी खरं. कंपनीने रामदरबाराची नाणी कधीच पाडली नाहीत, हे तुकडे खूप नंतरचे, खोटं साल घातलेले. याच तुकड्यांच्या नावाखाली 'तांदूळ ओढून घेणारं नाणं' म्हणून लोकांना मोठमोठ्या रकमांना गंडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. २०१२ साली निघालेल्या वैष्णोदेवीच्या चित्राच्या नाण्याचंही तसंच. त्याचे लाख मिळतात असा निरोप घरोघरच्या गटांवर फिरतो, समोरून फोन येतो, आणि 'आधी नोंदणीचे पैसे भरा' म्हणतात. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कोणाकडून शुल्क मागत नाही. मामांनी पत्रक वाचलं. मखमल मात्र अजून आहे.

१९३९च्या रुपयाचीही अशीच हवा असते. तो खरोखर दुर्मीळ आहे. युद्ध सुरू झालं, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि त्या सालचे बरेचसे रुपये वितळवले गेले असं मानतात. म्हणूनच १९३८च्या आठाचा नऊ करणारे कारागीर निघाले. ॲपला आकडा दिसतो, कोरणीची खूण दिसत नाही, आणि ते भाव सांगून मोकळं होतं. काकांच्या सतरंजीवर असा एक 'नऊ' आहे. तो ते विकत नाहीत, नव्या पोरांना दाखवायला ठेवलाय. पुतण्याने भिंग लावून पाहिलं तर नऊच्या शेपटीजवळची जमीन किंचित खोल होती, खरवडल्यासारखी.

त्या दिवसापासून आमच्या घरात सुटे पैसे टिकत नाहीत. पुतण्याला कळलंय की आत्ताच्या चालू नाण्यांवरही सालाखाली टांकसाळीची खूण असते. पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. चांदणीवाली तो काढून घेतो, का ते त्यालाही सांगता येत नाही. दूधवाल्याला द्यायला ठेवलेल्या वाटीत आता नुसती कोलकात्याची उरतात. त्यांची किंमत काय असं मी विचारलं तर म्हणाला, "रुपयाला रुपया." वर्गणीची तारीख येऊन गेली, ॲप बंद पडलं, आणि त्याला ते कळलंही नाही.

भिंग मात्र सारखं कोणाच्या तरी हातात असतं. १८६२च्या रुपयावर सालाखाली टिंबं किती, याचा निकाल अजून लागायचाय. नवरा तीन म्हणतो, मला दोन दिसतात, तिसरं मंजनाने अर्धं नेलंय. मी काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, दोन असली तर एक साल, तीन असली तर दुसरं, भावात घासलेल्या नाण्याला दमडीचा फरक नाही, पण रविवारी या, मोठं भिंग आणून ठेवतो, मलाही बघायचंय.